वसतं घर

हणमंत देवकरांनी जन्मभर दगड फोडला. दगड तयार झालेला त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो माळखडीच्या शाळेमागे, मार्चमधल्या एका सकाळी, मधली सुट्टी नुकतीच झाली होती तेव्हा. एकवीस दिवसांपूर्वी त्या जागी साच्याच्या फळ्या उभ्या करून त्यात खाणीतली राखाडी भुकटी ओतली होती. वरून पाणी आणि एक हिरवट द्रव शिंपडत राहिले होते, बस्स. आता फळ्या काढल्या होत्या आणि पुरुषभर उंचीची भिंत उन्हात उभी होती.

हणमंतभाऊंनी हातोडीनं तिच्यावर हलकेच ठोका मारला. मग कान लावून दुसरा मारला. शेजारी पाचवीच्या वर्गशिक्षिका सुमेधा लांजेवार उभ्या होत्या. त्यांच्याकडे वळून ते म्हणाले, "बाई, ह्यो दगड हाय."

"प्रयोगवाल्या निखतताई तेच तर सांगत होत्या, भाऊ."

"त्यांचं शिकून कळल्यालं. आमाला आवाजावरनं कळतं. कच्चा असला की भद्द वाजतो, आतनं चिरला असला की घरघरतो. ह्यो एकजीव हाय." त्यांनी भिंतीवर सबंध तळवा टेकवला. "आज्यानं फोडला, बापानं फोडला, म्या फोडला. पर दगड जल्माला येताना आमच्यात कुनी बघितला न्हवता."

सुमेधाही पुढे झाली. तिनंही हात लावला. भिंत कोमट होती.

सुमेधा मूळची भंडाऱ्याची. माळखडीच्या जिल्हा परिषद शाळेत तिला अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत ती माळखडीत एक रात्रही राहिली नव्हती. गाव पुण्यापासून पंचावन्न किलोमीटरवर. एका बाजूला कारखान्यांची वसाहत फुगत आलेली, त्यामुळे खोलीचं भाडंसुद्धा शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचं. दुसऱ्या बाजूला दगडखाणी. शाळेचे पाचही शिक्षक पहाटे उठून एसटी आणि वडापच्या जीपा करत यायचे आणि घंटा झाली की परतीच्या गाडीमागे धावायचे. मुलं खाणमजुरांची. त्यांची घरं म्हणजे चार पत्रे आणि एक ताडपत्री. एक खाण संपली की कुटुंब ते पत्रे टेम्पोत टाकून दुसऱ्या खाणीवर जायचं. दर दिवाळीनंतर पटावरची वीस-पंचवीस नावं अशी गळायची. कुणी अपूर्णांक शिकता शिकता जायचं, कुणी वाचायला लागल्याबरोबर. सुमेधानं या अकरा वर्षांत कितीतरी मुलांना अर्ध्या धड्यावर निरोप दिला होता.

खडीयंत्रांखाली मात्र भुकटीचे डोंगर साठले होते. ती भुकटी कुणाला नको होती. नेमकी तीच हवी असलेली बाई एक दिवस जीपमधून उतरली. तिचं नाव डॉ. निखत मुजावर. मिरजेची, सूक्ष्मजीवांवर काम करणारी. शिक्षक आणि विद्यार्थ्यांच्या कुटुंबांसाठी शाळेभोवती चौदा घरं उभी करायची सरकारी योजना तिच्या प्रयोगावर बेतलेली होती.

तिनं शाळेच्या व्हरांड्यात बसून मुलांना समजावलं तेव्हा सुमेधाही मागे उभी राहून ऐकत होती.

"आपला काळा दगड कशाचा बनलाय? त्यात चुन्याचा अंश असतो, पण तो घट्ट कोंडलेला असतो. आमचे जीवाणू तो हळूहळू मोकळा करतात. मग ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, या मोकळ्या चुन्याला जोडतात आणि भुकटीच्या दोन कणांमध्ये चुनखडीचा स्फटिक बसवतात. कणाला कण चिकटतो. असे अब्जावधी स्फटिक झाले की भिंत. शंख-शिंपले हेच करतात, प्रवाळाची बेटं अशीच झाली. आम्ही फक्त त्यांचा वेग वाढवला."

"म्हणजे भिंत जिवंत असते?" सातवीतल्या अंबिकानं विचारलं. ही हणमंतभाऊंची मुलगी. सगळे तिला अंबू म्हणत.

"आतला बोटभर थर जिवंत राहतो. त्याला उजेड खिडक्यांतून मिळतो, पाणी आपण शिंपडायचं. आणि कार्बन डायऑक्साइड कोण देणार? तुम्ही! एक माणूस दिवसाला जवळपास एक किलो वायू श्वासातून बाहेर टाकतो."

"एक किलो?" मुलांनी एकदम नाकाला हात लावले.

"एक किलो. त्यातला थोडासा भिंत ओढून घेते आणि आपली बारीकसारीक चीर स्वतःच बुजवते. पण घर बंद ठेवलं, आत माणूस नसलं, की दीडेक महिन्यात हा थर निजतो. पुढे मरतोच. मग ती भिंत नुसती भुकटीची. दोन-तीन पावसाळ्यांत ढासळते."

सुमेधाला त्यातली मेख घरी जाताना, गाडीच्या दांड्याला धरून उभी असताना कळली. कुलूप लावून ठेवलं की मरणारं घर! असं घर गुंतवणूक म्हणून कोण घेईल? ज्याला खरोखर राहायचंय त्याच्याखेरीज ते कुणाच्याच उपयोगाचं नाही. म्हणूनच ते शिक्षकाला आणि खाणमजुराला मिळू शकत होतं. योजनेचा नियमही त्याला धरूनच होता: सलग पंचेचाळीस दिवस लाभार्थी घरात राहिला नाही, तर घर परत.

तिच्या नवऱ्याला, प्रफुल्लला, हे पटलं नाही. तो शहरात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होता.

"जंतू मारायची औषधं विकतो मी," तो म्हणाला, "आणि तू मला जंतूंच्या घरात राहायला सांगतेस?"

"सगळे जंतू वाईट नसतात, हे तूच गिऱ्हाइकांना सांगतोस."

"ऋजुताची शाळा? माझं दुकान?"

"ऋजुता माझ्या शाळेत येईल. मी शिकवते ती शाळा माझ्या मुलीला चालत नाही, असं मी अकरा वर्षं वागले, प्रफुल्ल. आता लाज वाटते मला."

भांडण झालं नाही, पण प्रफुल्ल सोबतही आला नाही. जूनमध्ये सुमेधा दहा वर्षांच्या ऋजुताला घेऊन घर क्रमांक तीनमध्ये राहायला गेली. प्रफुल्ल शनिवारी संध्याकाळी यायचा, भिंतीला पाठ न टेकवता बसायचा आणि सोमवारी सकाळी जायचा.

गावात राहायला लागल्यावर शाळा म्हणजे काय ते सुमेधाला नव्यानं कळलं. संध्याकाळी दारात मुलं उभी. "बाई, हे गणित सुटंना." "बाई, आभाळ निळंच का?" घड्याळाकडे न बघता उत्तर देता येतं, हा आनंदच तिला ठाऊक नव्हता. सहा नंबरात देवकर राहत. हणमंतभाऊंची बायको नागव्वा पहिल्या आठवड्यात घरात जपून वावरायची, जणू कुणी कधीही येऊन बाहेर काढील. एकदा शेजारच्या खाणीत मोठा सुरुंग उडाला आणि त्यांच्या भिंतीला वीतभर चीर गेली. नागव्वा हादरली. निखतनं पाहणी केली, धोका नाही असं सांगितलं आणि त्यांना तिथंच राहायला लावलं. पाचव्या आठवड्यात चिरेच्या जागी एक पांढरी, टणक रेघ होती. नागव्वानं तिच्यावरून नख फिरवलं. पुढं कितीतरी दिवस ती त्या भिंतीजवळून जाताना पदर सावरायची.

ऑगस्टमध्ये प्रफुल्लची स्कूटर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली आणि तीन-साडेतीन महिने अंथरुणावर. त्याला उठवायला-बसवायला दुसरं कुणी नव्हतं. सुमेधानं ऋजुताला घेतलं आणि ती शहरातल्या भाड्याच्या घरी परतली. पुन्हा पहाटेची एसटी, पुन्हा परतीची धावपळ. जाताना तिनं घराची किल्ली अंबूकडे दिली.

"आठवड्यातून दोनदा भिंतींवर पाणी शिंपड आणि खिडक्या उघड. एवढंच कर, बाळा."

"बाई, भिंत निजंल की."

"बघू. येईन मी लवकर."

लवकर येणं झालं नाही. दर शनिवारी वास्तव्याच्या नोंदवहीत सही करायची असे. पहिल्या शनिवारी तिनं पेन उचलून पुन्हा खाली ठेवलं. मुख्याध्यापक गोसावी सर मान वर न करता म्हणाले, "करून टाका बाई. अडचण कुणाला येत नाही?" तिनं सही केली. मग पुढच्या शनिवारी, त्याच्या पुढच्या. अशा पंधरा सह्या झाल्या. प्रत्येक सहीनंतर तिला वर्गात फळ्याकडे तोंड करून थोडा वेळ उभं राहावं लागायचं.

डिसेंबरच्या सुरुवातीला ती परत आली. घर होतं तसंच होतं, उलट जरा जास्तच स्वच्छ. तिनं त्याचं श्रेय अंबूला दिलं आणि स्वतःला बजावलं, झालं गेलं, आता विसरायचं.

फेब्रुवारीत पडताळणी समिती आली. समितीचे प्रमुख भालेराव नावाचे अधिकारी होते. कडक, पण ऐकून घेणारे. त्यांच्याकडे निनावी तक्रार होती: खाणमजूर फिरस्ते आहेत, घरं घेऊन दुसऱ्या खाणीवर जातात, सहा नंबर दोन महिने बंद होतं.

"म्या गेलतो साहेब, सातारच्या खाणीवर," हणमंतभाऊ म्हणाले. "कारभारीन आन पोर हितंच हुती. औंदा पहिल्यांदा मी एकटा गेलो."

"पुरावा?"

हणमंतभाऊंनी सुमेधाकडे पाहिलं. ती पुढे झाली. "मी सांगते साहेब. अंबिका एक दिवससुद्धा शाळेत गैरहजर नव्हती."

"तुम्ही स्वतः लाभार्थी आहात, बाई. तुमची साक्ष कशी धरू? आणि शाळेत हजर म्हणजे घरात राहत होती असं नाही." त्यांनी हणमंतभाऊंना विचारलं, "रेशनकार्ड? विजेचं बिल?"

"पत्ताच नव्हता साहेब कधी. कार्ड कुठनं येनार? मीटर बी समद्यांचा एकच."

इतका वेळ मागे उभी असलेली निखत म्हणाली, "पुरावा आहे. भिंतीत."

तिनं समजावून सांगितलं. भिंतीचा आतला थर रोज केसाहून कितीतरी बारीक वाढतो. माणसं असतील तर जाड, नसतील तर जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यातला थर वेगळा, पावसाळ्यातला वेगळा, त्यामुळे महिना ओळखता येतो. झाडाच्या बुंध्यात वर्षांची वर्तुळं असतात, तसं. "आणि आणखी एक. कार्बन दोन प्रकारचा असतो, एक हलका, एक किंचित जड. ज्वारी, बाजरी, मका यांत जड कार्बन थोडा जास्त असतो. तांदूळ-गव्हात कमी. माणूस जे खातो तेच श्वासातून बाहेर येतं आणि भिंतीत बसतं. घरात ज्वारी खाणारी माणसं राहिली की भात खाणारी, हेसुद्धा थर सांगतो."

नागव्वा पुटपुटली, "भाकरीचा दगड हुतो व्हय गं बाई?"

"होतो वहिनी. खरंच होतो."

भालेरावांनी भिंतीला हात लावून पाहिला. मग म्हणाले, "तपासायचं तर चौदाच्या चौदा घरं. एकाचं तपासलं आणि दुसऱ्याचं सोडलं, असं नको. सगळ्यांची संमती लागेल."

सुमेधाच्या भिंतीत ऑगस्ट ते नोव्हेंबर काय सापडणार, ते तिला माहीत होतं. संमती नाकारली तर तिचं घर वाचत होतं आणि नागव्वाचं जात होतं. गोसावी सर तिच्याकडे न बघता चष्मा पुसत होते. तिनं कागद ओढला आणि सर्वांत आधी सही केली.

त्या संध्याकाळी तिनं प्रफुल्लला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "माझ्यामुळे झालं हे."

"तुझ्यामुळे मी घर सोडलं. खोट्या सह्या माझ्या मी केल्या."

निकाल सांगायला निखत आणि भालेराव तीन आठवड्यांनी आले. शाळेच्या पटांगणात सगळे जमले. मुलं पुढे, मोठी माणसं मागे. प्रफुल्लही आला होता, काठी टेकत. निखत कागद उघडणार तोच सुमेधा उभी राहिली.

"आधी मला बोलू द्या. तीन नंबरचं घर साडेतीन महिने रिकामं होतं. मी शहरात राहत होते. नोंदवहीत माझ्या सह्या आहेत, त्या खोट्या आहेत." समोर तिच्याच वर्गातली मुलं बसली होती. "तुम्हाला मी खरं लिहायला शिकवते. म्हणून तुमच्यासमोर सांगतेय."

भालेरावांनी काहीतरी लिहून घेतलं. निखत मात्र गोंधळून कागदाकडे पाहत होती.

"सहा नंबरचा थर अखंड आहे," ती म्हणाली. "बारा नंबरचा जानेवारीत थोडा पातळ आहे, पण तुटलेला नाही. आणि तीन नंबर..." तिनं कागद पुन्हा वाचला. "लांजेवार बाई, तुमच्या घरात जून-जुलैचा थर भात खाणाऱ्या दोन माणसांचा आहे. तुम्ही आणि ऋजुता. ऑगस्टच्या मध्यापासून तो पातळ व्हायला हवा होता. झालेला नाही. तो जाड झालाय. सबंध भिंतीत सर्वांत जाड थर त्या साडेतीन महिन्यांचा आहे. आणि त्यातला कार्बन ज्वारीचा आहे."

सुमेधाला काही उमगेना. "पण घरात कुणीच नव्हतं."

"माणसं होती, बाई. पुष्कळ होती."

भालेरावांनी विचारलं, "मग राहत कोण होतं?"

अंबू उठून उभी राहिली. मान खाली, दोन्ही हातांनी ओढणीचं टोक पिळत. "आम्ही बसायचो, साहेब. निखतताई म्हनल्या होत्या, मानूस नसलं की भिंत निजती. मग आम्ही पाळ्या लावल्या. शाळेच्या आधी चार जन, शाळा सुटल्यावर सात. दिवेलागनीपर्यंत. रविवारी सगळेच."

"काय करायचात तिथं?"

"अभ्यास. पाढे मोठ्यानं म्हनायचो. मोठ्यानं म्हनलं की श्वास जास्ती जातो." ती सुमेधाकडे वळली. "बाई, न विचारता घरात बसलो म्हनून तुम्ही रागवाल, असं वाटलं. म्हनून सांगितलं न्हाई. डबे खाल्ले पन खरकटं केलं न्हाई आम्ही."

तिच्यामागे एकेक करत दहा मुलं उभी राहिली. सुमेधा त्या अकरा जणांकडे बघत राहिली. यातली निम्मी मुलं कुठल्याही दिवाळीनंतर टेम्पोत बसून निघून गेली असती. ती इथं होती. सुमेधा शहरात एसटीच्या रांगेत उभी असताना ही मुलं तिच्या रिकाम्या घरात बसून पाढे म्हणत होती आणि प्रत्येक पाढ्याबरोबर तिची भिंत कणाकणानं वाढत होती. तिनं पुढे होऊन अंबूचं डोकं छातीशी धरलं. भालेरावांनी चष्मा काढला आणि उगाचच कागद चाळले.

"मला नियमानंच लिहावं लागेल," ते अखेर म्हणाले. "लाभार्थी राहत नव्हत्या, हे लिहीन. घर वसतं होतं, हेही लिहीन. दोन्ही खरं आहे."

त्यांनी तसंच लिहिलं. एप्रिलमध्ये आदेश आला. नऊ मजूर कुटुंबांची आणि चार शिक्षकांची घरं कायम झाली. हणमंतभाऊंच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा 'राहणार माळखडी' असं छापलेला कागद पडला. ते तो उलटा-सुलटा करून बघत राहिले. मग त्यांनी अंबूला तो मोठ्यानं वाचायला लावला, आणि पुन्हा एकदा वाचायला लावला. गोसावी सरांना नोंदवहीबद्दल लेखी ताकीद मिळाली. सुमेधालाही मिळाली, आणि तीन नंबर तिच्याकडून काढून घेण्यात आलं. ते अभ्यासिका म्हणून शाळेला दिलं गेलं. दुसऱ्या टप्प्यात वीस घरं व्हायची होती, त्यासाठी तिला नव्यानं अर्ज करण्याची मुभा होती. आदेश वाचून तिला वाईट वाटलं, पण अन्याय झाला असं वाटलं नाही. तिनं सामान बांधलं आणि पुन्हा पहाटेची एसटी धरली. ऋजुतानं शाळा बदलायला साफ नकार दिला आणि तीही आईबरोबर पहाटे उठू लागली.

उन्हाळी सुट्टी लागायच्या आधीच्या रविवारी निखतनं व्हरांड्यात सूक्ष्मदर्शक मांडला. तीन नंबरच्या भिंतीची कागदाहून पातळ चकती त्यात लावली होती. दाखवायला हवंच, ती म्हणाली, भिंत त्यांची आहे. सगळी वस्ती रांगेत उभी राहिली. ज्यानं त्यानं डोळा लावावा आणि बाजूला व्हावं, असं चाललं होतं. नागव्वानं तर दोनदा रांग लावली.

सर्वांत शेवटी प्रफुल्ल आला. काठी भिंतीला टेकवून तो वाकला. खास प्रकाशात चुनखडीचे स्फटिक पेटल्यासारखे दिसत होते, गुलाबी, मोरपिशी, सोनेरी. सुरुवातीला एक अरुंद पट्टा होता. मग एकाएकी रुंद, दाट, रंगांनी ठासून भरलेला पट्टा सुरू झाला. निखतनं हळूच सांगितलं, "तो रुंद दिसतोय ना? तुम्ही अंथरुणावर होतात तेव्हाचा."

प्रफुल्लनं डोळा काढला नाही. तसाच वाकून त्यानं विचारलं, "यात ती अकराही पोरं आहेत?"

"अकराही."

तो सावकाश सरळ उभा राहिला. मग सुमेधाला म्हणाला, "तो दुसऱ्या टप्प्याचा अर्ज आणलायस ना? दे इकडे."

तीन नंबरच्या दारात बसून, पाठ निवांत भिंतीला टेकवून, त्यानं स्वतःच्या हातानं अर्ज भरला. 'घरात कायम राहणाऱ्या व्यक्ती' असा रकाना आला तेव्हा त्यानं ऋजुताला जवळ बोलावलं आणि तिच्या देखत तिथं तीन हा आकडा लिहिला.